सान हुआनचा किल्ला कोणाकोणाला हवा होता?



थंडी पडायला लागली की आपल्याकडे गप्पांत दोनच विषय निघतात, एक भारताच्या तिकिटांचे भाव आणि दुसरा क्रूझ. यंदा भारतवारी जमत नसेल तर मुलांच्या सुट्टीत आठवडाभर कॅरिबियन, असं बऱ्याच मराठी घरांत आता ठरूनच गेलं आहे. त्यातल्या पुष्कळ क्रूझ पोर्तो रिकोच्या सान हुआन बंदरात थांबतात किंवा तिथूनच सुटतात. जहाज बंदराच्या तोंडातून आत शिरू लागलं की डाव्या हाताला, थेट समुद्रात घुसलेल्या कड्यावर एक अवाढव्य दगडी किल्ला दिसतो आणि डेकवरचे सगळे कॅमेरे तिकडे वळतात. तोच एल मोरो. सहा टप्प्यांत चढत गेलेला, समुद्रापासून सुमारे १४० फूट उंच, आणि काही ठिकाणी अठरा फूट जाड भिंतींचा. जंजिरा, सिंधुदुर्ग पाहिलेल्या आपल्यासारख्यांना तो लगेच ओळखीचा वाटतो.

किल्ल्यावर गेल्यावर ऐकायला मिळतं की समुद्राकडून हल्ला करून हा किल्ला कोणालाच जिंकता आला नाही. हे वाक्य खरं आहे, पण अर्धं. इंग्रजांनी हा किल्ला एकदा जिंकला होता, डचांनी त्याच्या समोरून जहाजं आत घातली होती, आणि शेवटी ज्यांनी हे बेट कायमचं घेतलं त्यांना या किल्ल्याची दगडी भिंत चढावीच लागली नाही. उरलेल्या अर्ध्या गोष्टीत हे बेट नेमकं कोणी राखलं आणि कोणासाठी, हे येतं. म्हणून हा लेख.

बेट एवढं मोलाचं का?

कोलंबस आपल्या दुसऱ्या सफरीत, १९ नोव्हेंबर १४९३ रोजी, या बेटावर उतरला. मूळचे रहिवासी ताईनो लोक बेटाला बोरिकेन म्हणत. कोलंबसने त्याला सान हुआन नाव दिलं. पुढे बंदराच्या गावाला पोर्तो रिको, म्हणजे श्रीमंत बंदर, म्हणू लागले, आणि काळाच्या ओघात बेटाचं नाव गावाला आणि गावाचं बेटाला अशी चक्क अदलाबदल झाली! पोन्से दे लेओन याने १५०८ मध्ये पहिली वसाहत केली. सोन्याच्या खाणीतली वेठबिगार आणि युरोपातून आलेले रोग यांनी पुढच्या काही दशकांत ताईनो समाज जवळजवळ नाहीसा झाला. १५११ साली त्यांनी उठाव केला होता, तो मोडून काढला गेला. सोनंही लवकरच संपलं.

मग उरलं काय? उरला वारा. युरोपातून निघालेलं शिडाचं जहाज व्यापारी वाऱ्यांच्या जोरावर पूर्वेकडून पश्चिमेकडे येतं. मोठ्या कॅरिबियन बेटांपैकी सगळ्यात पूर्वेकडचं म्हणजे पोर्तो रिको. महिना-दीड महिना खारं पाणी पाहून थकलेल्या जहाजाला गोडं पाणी, लाकूड आणि खोल, सुरक्षित बंदर इथे पहिल्यांदा मिळे. शिवाय इथून हवानाकडे किंवा मेक्सिकोकडे जायचं तर वारा पाठीशी, आणि तिकडून इकडे यायचं तर वारा तोंडावर. म्हणजे हे बंदर ज्याच्या हाती, तो मनात येईल तेव्हा खाली झेप घेऊ शकतो, पण त्याच्यावर चालून येणं जड जातं. मेक्सिको आणि पेरूची चांदी स्पेनला जात होती ती याच समुद्रातून. म्हणून स्पेनचे लोक या बेटाला आपल्या अमेरिकेची किल्ली समजत, आणि फ्रेंच, इंग्रज, डच हे सगळे ती किल्ली पळवण्याच्या मागे लागले. सुरुवात फ्रेंचांनी केली. १५२८ मध्ये त्यांच्या चाच्यांनी बेटाच्या पश्चिमेचं सान हेर्मान हे गाव लुटून जाळलं.

त्यावर उपाय म्हणून सान हुआनमध्ये १५३३ पासून ला फोर्तालेसा बांधली. आज तिथे पोर्तो रिकोचे गव्हर्नर राहतात. इमारत देखणी, पण किल्ला म्हणून जागा साफ चुकली. ती बंदराच्या आत असल्यामुळे शत्रू तोंडातून आत येईपर्यंत दिसणारच नाही! आंधळ्यांनी बांधला असता तरी याहून वाईट जागा निवडता आली नसती, अशा अर्थाचा शेरा त्या काळच्या ओव्हिएदो या इतिहासकाराने मारून ठेवला आहे. (सरकारी कंत्राटांचा इतिहास फार जुना आहे म्हणायचा.) मग १५३९ पासून अगदी टोकाच्या कड्यावर एल मोरो उभा राहू लागला.

ड्रेकच्या जेवणात पडलेला गोळा

१५९५ साली नशिबाने एक घटना घडवली. स्पेनच्या खजिन्याच्या ताफ्यातलं मुख्य जहाज वादळात मोडलं आणि कसंबसं सान हुआनच्या बंदरात येऊन लागलं. त्याच्या पोटात सुमारे वीस लाख पेसोंची संपत्ती होती. ती उतरवून घेतली गेली. बातमी लंडनला पोचली आणि सर फ्रान्सिस ड्रेक आणि सर जॉन हॉकिन्स हे दोघे २७ जहाजं आणि अडीच हजार माणसं घेऊन निघाले. ड्रेकचं नाव आपल्या मुलांना शाळेत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा शूर दर्यावर्दी म्हणून शिकवतात. स्पॅनिश आया मात्र मुलांना झोपवताना त्याच्या नावाची भीती घालत.

दोघेही साठीच्या आसपासचे, दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. वाटेत कॅनरी बेटांवर हल्ला करण्यात वेळ गेला. ग्वाडलूपजवळ ताफ्यातलं मागे पडलेलं एक इंग्रजी जहाज पाच स्पॅनिश फ्रिगेटींच्या हाती सापडलं आणि बेत फुटला. फ्रिगेटी तडक सान हुआनला गेल्या. इंग्रज पोचेपर्यंत किनाऱ्यावर तोफा लागल्या होत्या, आणि बंदराच्या तोंडात स्वतःचीच जहाजं बुडवून वाट अडवली होती. ताफा बेटाजवळ आला त्याच दिवशी हॉकिन्स आजाराने वारला. संध्याकाळी ड्रेक केबिनमध्ये जेवायला बसला असताना तोफेचा एक गोळा थेट आत आला. ड्रेकच्या खालचं स्टूल उडालं, त्याला काही झालं नाही, पण त्याचे दोन साथीदार जिवाला मुकले.

दुसऱ्या दिवशी रात्री इंग्रजांनी होड्या घेऊन आत शिरून फ्रिगेटींना आगी लावल्या. हीच चाल अंगाशी आली. एक फ्रिगेट धडाडून पेटली, तिच्या उजेडात सगळं बंदर दिवसासारखं दिसू लागलं, आणि काठावरच्या तोफखान्याला होड्या एकेक करून टिपता आल्या. ड्रेकने नाद सोडला. पुढे दोनच महिन्यांत, जानेवारी १५९६ मध्ये, पनामाच्या किनाऱ्याजवळ तो हगवणीने मेला.

अर्ल साहेब आणि त्यांचं जहाज

अडीच वर्षांनी, जून १५९८ मध्ये, कंबरलंडचा तिसरा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड आला. तो ड्रेकच्या अनुभवावरून शहाणा झाला होता. त्याने तोंडाकडून येण्याचा प्रयत्नच केला नाही. इथे नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुनं सान हुआन हे मुख्य बेटाला लागून असलेल्या एका लांबट, चिंचोळ्या बेटावर आहे. पश्चिम टोकाला एल मोरो, आणि पूर्व टोकाला मुख्य बेटाकडे जाणारा सान आंतोनियोचा पूल. अर्ल पूर्वेला किनाऱ्यावर सैन्य उतरवून पुलाकडे आला. पहिल्या रात्रीची चढाई फसली. अर्ल स्वतः चिलखतासकट पाण्यात पडला आणि बुडता बुडता वाचला. मग त्याने पूल सोडून पलीकडच्या किनाऱ्यावर माणसं उतरवली आणि गावात घुसला. एल मोरोमध्ये शिबंदी थोडी होती, कारण नुकत्याच येऊन गेलेल्या साथीने बेटावरची बरीच माणसं नेली होती, आणि धान्यही पुरेसं नव्हतं. काही दिवसांनी गव्हर्नरने किल्ला खाली करून दिला. तोंडाकडे रोखलेल्या तोफा पाठीमागून आलेल्या शत्रूपुढे निरुपयोगी ठरल्या.

अर्लचा बेत लूट करून जाण्याचा नव्हता, बेट कायमचं ठेवून घेण्याचा होता. तो मोडला हगवणीने. दोन महिन्यांत सुमारे चारशे इंग्रज मेले आणि तितकेच अंथरुणाला खिळले. शेवटी तोफा, चर्चच्या घंटा, साखर, आलं, कातडी असं जे मिळेल ते जहाजांवर चढवून इंग्रजांनी बेट सोडलं. आमच्या मते पोर्तो रिकोच्या बचावातला सगळ्यात मोठा सेनापती कोणी गव्हर्नर नव्हे, तिथलं दूषित पाणी आणि उन्हाळा! या मोहिमेबरोबर आलेल्या जॉन लेफील्ड या धर्मगुरूने बेटाचं बारकाईने वर्णन लिहून ठेवलं आहे. हाच पुढे किंग जेम्सच्या बायबलच्या भाषांतरकारांपैकी एक झाला.

आता एक गोष्ट अशी की ती सापडल्यावर आम्हीच चकित झालो. अर्लच्या मुख्य जहाजाचं नाव होतं मॅलिस स्कर्ज. डिसेंबर १६०० मध्ये राणी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, त्या सनदेत नावांच्या यादीत पहिलं नाव याच कंबरलंडच्या अर्लचं आहे. कंपनीने त्याचं हे जहाज ३७०० पौंडांना विकत घेतलं, त्याचं नाव रेड ड्रॅगन ठेवलं, आणि १६०१ च्या पहिल्या सफरीचं प्रमुख जहाज म्हणून पूर्वेला पाठवलं. हेच रेड ड्रॅगन १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी लढलं. त्या लढाईनंतर सुरतेत इंग्रजांची वखार पक्की झाली, आणि १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले तेव्हा दारं लावून बसलेली वखार ती हीच. सान हुआनवर तोफा डागणारं जहाज चौदा वर्षांनी सुवाळीला! शाळेत आपण स्पेनचा इतिहास वेगळ्या पुस्तकात आणि मराठ्यांचा वेगळ्या पुस्तकात वाचला, जहाजांना मात्र पुस्तकांच्या हद्दी ठाऊक नव्हत्या.

डच आले, राहिले, जाळून गेले

सप्टेंबर १६२५ मध्ये बाउडवाइन हेंड्रिक्स हा डच सेनापती १७ जहाजं घेऊन आला आणि कोणालाच वाटलं नव्हतं ते त्याने केलं. एल मोरोच्या तोफांसमोरून सरळ बंदरात घुसला. गव्हर्नर हुआन दे हारो याने गाव रिकामं केलं, १५९८ चा धडा आठवून किल्ल्यात धान्य भरलं, आणि तीनशेच्या वर माणसांनिशी दारं बंद करून घेतली. डचांच्या हाती गाव आलं, बंदर आलं, पण किल्ला येईना. आणि अडचण अशी की बाहेर पडायचं तर पुन्हा त्याच तोफांसमोरून जायला हवं.

जवळजवळ महिनाभर वेढा चालला. शेवटी हेंड्रिक्सने निरोप पाठवला की किल्ला दे, नाहीतर गाव जाळतो. हारोने उत्तर दिलं की गावकऱ्यांत धमक आहे, डोंगरात लाकूड आणि दगड आहेत, घरं पुन्हा बांधता येतील. २२ ऑक्टोबरला डचांनी गाव पेटवलं. त्यात बिशप बेर्नार्दो दे बाल्बुएना यांचं ग्रंथालयही गेलं. हे बिशप स्पॅनिश भाषेतले नावाजलेले कवी. त्याच दिवशी कॅप्टन हुआन दे आमेस्किताने किल्ल्याबाहेर पडून डचांच्या खंदकांवर छापा घातला आणि त्यांना जहाजांकडे पिटाळलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला डच निघून गेले, जाताना एक जहाज गमावून.

हारोचं उत्तर पोर्तो रिकोत अभिमानाने सांगतात. आम्हालाही ते आवडतं. फक्त एवढंच मनात येतं की ते उत्तर देणारा गव्हर्नर स्पेनहून नेमून आलेला होता, आणि घरं ज्यांची जळली ते डोंगरात झाडाखाली बसले होते.

या आगीनंतर गावाभोवती तट बांधला गेला, आणि जमिनीकडची बाजू झाकण्यासाठी १६३४ पासून सान क्रिस्तोबाल या दुसऱ्या किल्ल्याला सुरुवात झाली. तो पुरा व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. पैसा मेक्सिकोतून येई. त्या वार्षिक रकमेला सितुआदो म्हणत, आणि तिच्यावरच बेटाचा कारभार आणि सैनिकांचे पगार चालत. रक्कम उशिरा आली किंवा वाटेत लुटली गेली की सगळं उधारीवर. दगड वाहिले ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी, कैद्यांनी आणि पगार थकलेल्या सैनिकांनी.

तटाच्या आत सैन्य होतं, पण तटाबाहेरच्या शेकडो मैल किनाऱ्याचं काय? तिथे स्थानिक लोकच होते. १७०२ मध्ये उत्तर किनाऱ्यावर आरेसिबो इथे इंग्रज उतरले तेव्हा आंतोनियो दे लोस रेयेस कोर्रेआ याने तीसेक गावकऱ्यांना घेऊन, भाले आणि कोयते यांच्या जोरावर त्यांना समुद्रात परतवलं. त्याच काळात मिगेल एन्रीकेस नावाचा एक चांभार सरकारी परवान्यावर शत्रूची जहाजं लुटू लागला आणि बेटावरचा सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. आई गुलामीतून सुटलेली, रंग सावळा. राजाने त्याचा सन्मान केला, पण सान हुआनच्या बड्या घराण्यांना ते पचलं नाही. त्याच्यावर खटले झाले, मालमत्ता जप्त झाली आणि तो कंगाल होऊन एका मठाच्या आश्रयाला मेला. त्याच्यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा.

१७९७: कांग्रेहोसचे लोक

१७६२ मध्ये इंग्रजांनी स्पेनला एकाच वर्षात दोन तडाखे दिले. एकीकडे हवाना घेतलं आणि दुसरीकडे मनिला. मनिलावरची मोहीम निघाली होती ती आपल्या मद्रासहून, आणि तिच्यात हिंदुस्थानी शिपाई होते. तहात दोन्ही शहरं परत मिळाली, पण स्पेनची झोप उडाली. १७६५ मध्ये आलेहांद्रो ओ'रायली हा अधिकारी सान हुआनची पाहणी करायला आला. त्याने लोकसंख्या मोजली, ४४,८८३, आणि स्थानिक पथकांना शिस्त लावली. किल्ल्यांचं काम तोमास ओ'डेली या इंजिनिअरकडे गेलं. दोन्ही नावं ऐकून आपल्याला प्रश्न पडतो, आणि बरोबर आहे, दोघेही आयरिश. इंग्रजांच्या राज्यात कॅथलिकांना वाव नाही म्हणून स्पेनच्या चाकरीत गेलेले. परदेशात जाऊन नाव काढणं ही काही एच-वन व्हिसापासून सुरू झालेली गोष्ट नाही.

या सगळ्याची परीक्षा झाली एप्रिल १७९७ मध्ये. जनरल सर राल्फ ॲबरक्रॉम्बी याने फेब्रुवारीत त्रिनिदाद घेतलं होतं. जवळजवळ एक गोळीही न झाडता. आता तो साठाहून अधिक जहाजं घेऊन सान हुआनपुढे आला. त्याच्या सैन्याचे सात हजारांपासून तेरा हजारांपर्यंत वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. (याच ॲबरक्रॉम्बीचा धाकटा भाऊ रॉबर्ट १७९० ते १७९२ मुंबईचा गव्हर्नर होता, आणि टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला गेला तेव्हा हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच बाजूने होती. एक भाऊ तिकडे, एक इकडे. साम्राज्य हा त्या घरचा धंदाच होता.)

ॲबरक्रॉम्बीनेही पूर्वेकडूनच यायचं ठरवलं आणि १८ एप्रिलला कांग्रेहोसच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवलं. या गावाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण गाईड इथपर्यंत येत नाही. १६६४ पासून स्पेनचा नियम होता की इंग्रज, डच किंवा डेन लोकांच्या बेटांवरून पळून आलेला गुलाम कॅथलिक झाला आणि राजाशी एकनिष्ठ राहिला, तर तो मुक्त. यात दयाबुद्धी किती आणि शत्रूच्या उसाच्या मळ्यांना भोकं पाडण्याचा हिशोब किती हे तुम्हीच ठरवा, कारण त्याच बेटावर स्पेनचे स्वतःचे गुलाम होतेच, आणि ते १८७३ पर्यंत मुक्त झाले नाहीत. पण होड्यांतून, रात्रीच्या अंधारात, लोक पळून येत राहिले. त्यांना जमीन दिली गेली ती सान हुआनच्या पूर्वेला, पुलापलीकडे, कांग्रेहोस इथे. म्हणजे बरोबर त्याच वाटेवर जिथून पुढचा हल्ला होणार. त्यांनी शेती केली, गाव वसवलं, आणि त्यांचं स्वतःचं लष्करी पथकही होतं.

आता त्यांच्या जागी उभं राहून बघा. समोर उतरणारं सैन्य इंग्रजांचं आहे. गव्हर्नर रामोन दे कास्त्रोसाठी ही एक लढाई होती. हरला असता तर शरणागतीच्या कलमांनुसार सन्मानाने स्पेनला परत गेला असता. कांग्रेहोसच्या माणसाला मात्र कोणतंही कलम वाचवणार नव्हतं. ज्या मळ्यातून बाप किंवा आजा पळून आला, त्याच मळ्यात परत जाण्याची भीती होती. म्हणून ते लढले.

दोन आठवडे पुलाच्या परिसरात लढाई झाली. सान आंतोनियोचा पूल आणि शेजारचा सान हेरोनिमोचा छोटा किल्ला तोफांच्या माऱ्याने खिळखिळा झाला, पण पडला नाही. आतल्या डोंगराळ भागातून शेतकऱ्यांची पथकं येत राहिली. तोआ आल्ताच्या पथकाचा पेपे दियास मार्तिन पेन्या पुलावर मारला गेला. त्याच्या नावाची चार ओळींची लोकगीतं अजून म्हणतात. ३० एप्रिलला एक दंतकथा घडली असं मानतात. बिशपांच्या मागे शहरातल्या बायका मशाली आणि घंटा घेऊन प्रार्थना करत रस्त्यांवरून निघाल्या, आणि दुरून पाहणाऱ्या इंग्रजांना वाटलं की नवी कुमक आली. जुन्या शहरात तटाजवळ या मिरवणुकीचा एक सुंदर ब्राँझचा पुतळा आहे, ला रोगातिवा, १९७१ मध्ये बसवलेला. फोटोसाठी गर्दी असते. दंतकथा गोड आहे, पण इंग्रज परतले ते मशाली पाहून नव्हे. पुढची वाट बंद, मागून रोज नवी पथकं, आणि तटाची ताकद आपल्या तोफांच्या आवाक्याबाहेरची, हे ॲबरक्रॉम्बीला कळून चुकलं होतं. २ मेपर्यंत ताफा निघून गेला. त्यांची सव्वादोनशेच्या आसपास माणसं मृत, जखमी किंवा कैद झाली होती.

आणि त्रिनिदाद? ते इंग्रजांकडेच राहिलं. तिथे गुलामगिरी संपल्यावर मळ्यांसाठी मजूर आणायला सुरुवात झाली, आणि ३० मे १८४५ रोजी फातेल रझाक हे जहाज हिंदुस्थानातून पहिले करारबद्ध मजूर घेऊन तिथे पोचलं. क्रूझमध्ये पुढच्या एखाद्या बंदरात रामप्रसाद नावाचा टॅक्सीवाला भेटला आणि तुमच्याशी चटण्यांबद्दल बोलू लागला, तर त्याचं तिथे असणं आणि सान हुआनमध्ये त्याच्यासारखं कोणी नसणं याची एक मुळी १७९७ च्या त्या दोन निकालांत आहे.

शेवटचे पाहुणे

एकोणिसाव्या शतकात स्पेनची अमेरिकेतली राज्यं एकामागून एक गेली. उरली क्युबा आणि पोर्तो रिको. पोर्तो रिकोतल्या पुढाऱ्यांनी, त्यात लुइस मुन्योस रिव्हेरा प्रमुख, वर्षानुवर्षं खटपट करून नोव्हेंबर १८९७ मध्ये स्पेनकडून स्वायत्ततेची सनद मिळवली. स्वतःचं मंत्रिमंडळ, स्वतःची विधानसभा. १७ जुलै १८९८ रोजी ही विधानसभा भरली.

तोवर स्पेन आणि अमेरिकेचं युद्ध सुरू झालं होतं. १२ मे रोजी ॲडमिरल सॅम्पसनच्या अमेरिकन ताफ्याने सान हुआनवर पहाटे तोफा डागल्या. एल मोरो आणि सान क्रिस्तोबालने उत्तर दिलं. भिंतींना खड्डे पडले, पण किल्ले उभे राहिले आणि ताफा निघून गेला. जनरल माइल्सने मग या भिंतींच्या वाटेला जायचंच टाळलं. २५ जुलैला, विधानसभा भरल्याला आठ दिवस झाले होते, तो बेटाच्या दक्षिणेला ग्वानिका या झोपाळू बंदरात उतरला. तिथे समोर मूठभर माणसं. तीन शतकं पैसा, दगड आणि घाम ओतून उत्तरेचं दार बंद केलं, आणि दक्षिणेला दारच नव्हतं.

पोन्से शहराने तर अमेरिकन सैन्याचं स्वागत केलं. पुष्कळांना वाटलं, लोकशाहीवाले आले, स्पेनहून बरं होईल. एकोणीस दिवसांत युद्धविराम झाला. १८ ऑक्टोबरला सान हुआनवर अमेरिकन झेंडा चढला आणि १० डिसेंबरला पॅरिसच्या तहाने बेट अमेरिकेचं झालं. तहाच्या टेबलावर पोर्तो रिकोचा कोणीही नव्हता. विधानसभा गेली, लष्करी राज्य आलं. १९१७ मध्ये नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. आपल्यातले जे आत्ताच सिटिझन झाले आहेत त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जन्मतः अमेरिकन नागरिक असलेला सान हुआनचा माणूस न्यू जर्सीत राहायला आला की त्याला ते मत मिळतं, आणि परत घरी गेला की जातं.

एल मोरो १९६१ पर्यंत अमेरिकन सैन्याकडे होता. दुसऱ्या महायुद्धात वरच्या टोकाला जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी काँक्रीटचे ठाणे बांधले, तेही पाहायला मिळतात. १९८३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत किल्ल्यांचं नाव आलं. आता कोणी जाणार असेल तर दोन सूचना. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तर बरोबर ठेवा, तो दोन्ही किल्ल्यांना चालतो. आणि एल मोरोसमोरच्या मोठ्या हिरवळीवर तासभर तरी काढा. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून ते मैदान मुद्दाम उघडं ठेवलं होतं. आज तिथे समुद्रावरून येणाऱ्या त्याच व्यापारी वाऱ्यावर मुलं पतंग उडवतात. आपल्या मुलांना चक्री धरता येत असेल तर तिथे ओळखी लगेच होतात.

वर पाहिलंत तर तीन झेंडे दिसतील, अमेरिकेचा, पोर्तो रिकोचा, आणि पांढऱ्यावर लाल खडबडीत फुली असलेला जुना स्पॅनिश लष्करी झेंडा. मधल्या काळात, १९४८ च्या एका कायद्याखाली, पोर्तो रिकोचा झेंडा जवळ बाळगल्याबद्दल लोकांना तुरुंगात जावं लागत होतं. तो अधिकृतपणे फडकला १९५२ साली, बेटाची नवी राज्यघटना अमलात आली त्या दिवशी. फडकवणारे गव्हर्नर होते लुइस मुन्योस मारिन, १८९७ ची सनद मिळवणाऱ्या मुन्योस रिव्हेरांचे चिरंजीव. आणि तारीख निवडली होती २५ जुलै, ग्वानिकाच्या उतरणीची.